दुरुस्ती झाल्यावर

कळमनुरीच्या स्टँडवर उतरलं की सर आधी तिकीट फाडायचे. बारीक तुकडे करायचे, ते मुठीत धरायचे आणि मगच कॉलेजकडे वळायचे. "त्याचं काम संपलं," म्हणायचे.

मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात हिशोब बघतो. आम्ही दोघे हिंगोलीहून रोज एकाच गाडीने यायचो. माझी तिकिटं सरळ घडी घालून ठेवलेली असतात. त्यावर सर हसायचे. "तुमी जपा, मी मोडतो."

ते सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. आपल्या आतड्यातला एक जिवाणू त्यांचा फार आवडता. त्याच्या डीएनएला इजा झाली की तो एक प्रथिन तयार करतो. ते प्रथिन पेशीला दुभागू देत नाही. दुरुस्ती होईपर्यंत थांबवून धरतं. दुरुस्ती झाली की पेशीतली दुसरी प्रथिनं त्या थांबवणाऱ्याला कातरून टाकतात.

"म्हणजे ज्यानं वाचवलं त्यालाच कातरायचं?" मी म्हणालो. "लई बेइमान जात दिसते."

"बेइमान न्हाई, तुमच्यासारखी हिशोबी. तुकडेसुद्धा नव्या कामाला लावते."

"अन् न्हाई कातरलं तर?"

"मग ती दुभागत न्हाई. नुसती लांबत जाते, दोऱ्यासारखी. शेवटी मरते."

सरांच्या पत्नी वारल्या तेव्हा त्यांची मुलगी पुण्याचं शिक्षण संपवून घरी आली. सर जेवत नव्हते, गोळ्या विसरत होते. तिने सगळं हाती घेतलं. पुढे सर सावरले, वर्गात पूर्वीसारखे बोलायला लागले. मुलगी मात्र घरीच राहिली. पुण्यात संशोधनाची जागा मिळाली, तेव्हाही सर म्हणाले, "थोडं थांब." हजर व्हायची मुदत जवळ आली होती.

एकदा गाडीत मी विचारलं, "सर, पोरगी काहून घरी बसून राहिली?"

त्यांनी उतरायच्या आधीच हातातलं तिकीट फाडायला घेतलं. कळमनुरीच्या अलीकडे तपासनीस गाडीत चढला. त्याने तिकीट मागितलं तेव्हा सरांनी मूठ उघडली. आत तुकडे होते.

"रोजचे सर आहेत, मीच दिलं तिकीट," कंडक्टर म्हणाला.

"शिकलेले माणसं तुमी," तपासनीस म्हणाला आणि त्याने दंडाची पावती फाडली.

उतरल्यावर सरांनी पावती खिशात टाकली. मग म्हणाले, "आमच्या घरातली दुरुस्ती कधीच झाली होती. थांबवणारा मीच तेवढा उरलो होतो. उद्या पुण्याच्या गाडीत बसवून देतो तिला."

दुसऱ्या दिवशी हिंगोलीच्या स्टँडवर ती खिडकीतून सांगत होती, "बाबा, गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत." सर म्हणाले, "बराबर." गाडी गेली. आम्ही आमच्या गाडीत बसलो.

त्याच हिवाळ्यात सर झोपेतच गेले. तुम्हाला वाटेल, मला फार लागलं असेल. तसं काही जाणवलं नाही. गाडीत शेजारी कोणीही येऊन बसतं, मी सरकून जागा देतो.

तेरावं झाल्यावर मुलगी प्रयोगशाळेतलं सरांचं सामान घ्यायला आली. पांढरा ॲप्रन झटकला तसे खिशातून तिकिटांचे तुकडे खाली पडले. ती वाकून एकेक उचलत राहिली. मीही उचलू लागलो.

"काका," खालीच बघत ती म्हणाली, "थोडे दिवस थांबू का घरी?"

माझ्या मुठीत तुकडे होते. ते मी कचऱ्याच्या डब्यात टाकले.

"न्हाई," मी म्हणालो. "तुझी गाडी चारची आहे."