एवढंसं पिस्तूल पुरेल का?

आमच्या घरात पाच-सहा वर्षं एकच प्रश्न शिजत होता. पॉइंट टू टूचं पिस्तूल स्वतःला वाचवायला पुरतं का? मी फोडणीला टाकलं की हे मोबाइल हातात घेऊन मागे येऊन उभे राहायचे. "अगं, हा एक जण लिहितोय, गोळी लहान असली तरी झटका कमी, म्हणून नेम चांगला बसतो. आणि हा दुसरा म्हणतो, घाबरलेल्या माणसाचा नेम बसतच नाही, म्हणून मोठी गोळी हवी. तुला काय वाटतं, पुरेल का?" मला काय वाटणार, कपाळ! मला एवढंच वाटायचं की मोहरी करपली. "सरका हो जरा," मी खेकसायचे आणि ते सरकायचे.

सरकायची त्यांना सवयच होती. कोल्हापुरातून इंजिनिअर होऊन जर्मनीत लुडविग्सहाफेनच्या केमिकल कारखान्यात आलेला हा माणूस. पंधरा वर्षांत कुणाशी आवाज चढवून बोललेला नाही. शेजारची बाई जिन्यातल्या चपलांवरून ओरडली तर हा तिलाच सॉरी म्हणून चपला आत घेणार. आणि मी? माझी जीभ म्हणजे विळी. उचलली आणि लावली टाळ्याला. सासूबाई लग्नातच म्हणाल्या होत्या, "माझा मुलगा गरीब आहे गं, तू तेवढी सांभाळून घे." सांभाळलं मी? ते सांगायलाच बसले आहे.

आमची लेक नऊ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. हे तिला पोहण्याच्या क्लासहून घेऊन येत होते. संध्याकाळचे सहा वाजले असतील, चांगला उजेड होता. ट्रामच्या फलाटावर तीन दारू प्यायलेली माणसं होती. एकाने काहीतरी शेरा मारला, ह्यांनी नेहमीसारखी मान खाली घातली, आणि तेवढ्यानेच त्यांना चेव आला. मला फोन आला तो सरळ हॉस्पिटलातून. दोन बरगड्या मोडलेल्या, कानाला सात टाके. लेकीला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. ती खुर्चीत बसून रडत होती आणि जर्मनमधून एकच सांगत होती, की बाबांनी मला इतकं घट्ट आवळलं, इतकं, की मला श्वासच घेता येईना.

माणूस घाबरला की आधी रडतो किंवा चिडतो. मी चिडणाऱ्यांतली. मी पलंगाशी उभी राहून, लेकीच्या देखत, बोलले, "अहो, तीन जण मारत होते आणि तुम्ही नुसते उभे राहिलात? पोरीला चिकटून? एक तरी ठेवून द्यायची होती की!"

हे म्हणाले, "हं."

एवढंच. पुढे त्या विषयावर एक अक्षर नाही. मी मात्र नंतर फोनवर आईला सांगितलं, बहिणीला सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. प्रत्येक वेळी गोष्ट तीच, आमचे हे पडले साधे, हात उचलला नाही. लेक तिथेच गृहपाठ करत असायची. मराठी बोलत नसली तरी तिला सगळं समजतं हे मला काय माहीत नव्हतं?

महिनाभरात बरगड्या भरून आल्या. त्या फलाटावर मात्र ते पुन्हा गेले नाहीत. दहा मिनिटं जास्त चालून पुढच्या स्टॉपवरून ट्राम पकडायचे. आणि एके दिवशी त्यांनी जाहीर केलं, की मी शुट्सनफेराइनमध्ये नाव घातलं आहे. म्हणजे नेमबाजीचा क्लब. इथे गावोगाव असतात, हिरवी जाकिटं घालून म्हातारे तिथे नेम धरतात आणि मग बिअर पितात. "बैल गेला अन् झोपा केला," मी म्हटलं. ह्यांनी ऐकलं आणि बूट चढवले.

वर्षभर दर शुक्रवारी गेले. मग परीक्षा, मग अर्ज, मग परवाना. एवढा खटाटोप करून घरात आलं काय, तर पॉइंट टू टूचं एक पिस्तूल. तेही कशासाठी, तर फक्त खेळासाठी. स्वसंरक्षण हा शब्द अर्जात उच्चारायचासुद्धा नाही, नाहीतर परवाना मिळत नाही. खिशात घेऊन फिरायचं नाही. भिंतीला बोल्ट मारलेल्या तिजोरीत ठेवायचं, आणि क्लबला नेताना रिकामं करून, कुलूपबंद पेटीत. मला हसू आवरेना. "म्हणजे चोर आला की त्याला सांगायचं, बसा, चहा घ्या, मी जरा किल्ली शोधतो!" व्हिडिओ कॉलवर माझा दीर त्याच्याही पुढे गेला. "वहिनी, हे बघून चोर मरेल, पण हसून हसून."

हे पण हसले. मग मोबाइल काढून पुन्हा वाचत बसले, पुरेल का.

त्यांनी क्लबातल्या आजोबांनाही विचारलं होतं. हे आजोबा कारखान्यातूनच निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून क्लबातच रमलेले. ह्यांना नेम धरायला त्यांनीच शिकवलं. उन्हाळ्यात क्लबचं जेवण होतं तेव्हा मी तिथे होते, म्हणून मला त्यांचं उत्तर माहीत आहे. आजोबा सॉसेज परतत होते. म्हणाले, "आल्झो, हे बघ, गोळी लहान की मोठी, हे नंतरचं. आधी हात मोकळा लागतो. तुझा हात मोकळा होता का?" ह्यांनी मान हलवली, नाही. "गेनाऊ, अगदी बरोबर," आजोबा म्हणाले, "मग घरात तोफ ठेवून तरी काय उपयोग होता?" मी आपली सॅलडच्या भांड्याशी. मला वाटलं, म्हातारा ह्यांची खिल्ली उडवतोय. मला बरंच वाटलं.

तिथे ह्यांना माणसं मिळाली होती, हे मात्र खरं. शुक्रवारी घरी आले की खांदे जरा सरळ असायचे. एकदा भिंतीवर लावायला कागदी लक्ष्य आणलं, मधोमध भोकांचा गुच्छ. लेक तेव्हा तेरा-चौदाची. तिने बघितलं आणि जर्मनमधून म्हणाली, "छान. कागद उलटा मारत नाही, ना?" मी तिला रागावले नाही. कुठल्या तोंडाने रागावणार? वाक्य तिचं होतं, पण चव माझ्या जिभेची होती.

मागच्या वर्षी सासूबाई आल्या होत्या, नवरात्र धरूनच. सासऱ्यांचं कोल्हापूरला लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. खंडेनवमीला मशीन धुऊन, तेल देऊन, झेंडूची माळ घालून पूजा व्हायची आणि मग दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. त्याने वर्षभर राबायचं, तो एक दिवस त्याचा. ह्यांनी त्या सकाळी लॅपटॉप, पक्कड, माझी शिलाई कात्री सगळं पाटावर मांडलं. सासूबाईंनी विचारलं, "आणि ते पिस्तूल रे? शस्त्र घरात असताना खंडेनवमीला कात्रीची पूजा करायची?"

"आई, ते तिजोरीबाहेर ठेवता येत नाही. कायदा आहे."

"दहा मिनिटं काढ. देवासमोर कसला कायदा?"

काढलं त्यांनी, रिकामं, पुन्हा पुन्हा तपासून. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला, नमस्कार केला. दहा मिनिटांनी हे उचलायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "अरे, आज हात लावायचा नाही! तुझ्या वडिलांनी कधी लावला का?" हे माझ्याकडे बघायला लागले. घरात शेवटचा शब्द कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि मी म्हटलं, "राहू द्या हो एक दिवस. कोण येतंय बघायला?"

चार वाजता बेल वाजली. शाळेला सुट्टी होती, दार लेकीने उघडलं. शस्त्रखात्याची दोन माणसं, एक बाई, एक पुरुष. न सांगता तपासणीला यायचा त्यांना हक्क असतो, हे ह्यांनीच मला शंभरदा सांगितलं होतं. ह्यांनी त्यांना तिजोरीपाशी नेलंच नाही. सरळ देवघरापाशी नेलं. पाटावर कुंकवाने माखलेलं पिस्तूल, वर झेंडू, बाजूला निरांजन. त्या बाईने फोटो काढला. फार सभ्य होती हो, आवाज अजिबात चढवला नाही. सासूबाई तिला पेढा द्यायला पुढे झाल्या, तिने हात मागे घेतला. पिस्तूल तिने तिजोरीत ठेवायला लावलं. ह्यांनी पूजेतलं शस्त्र उचललं तेव्हा सासूबाईंनी तोंड फिरवलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. परवाना रद्द करायचा विचार आहे, तुमचं म्हणणं लेखी द्या. ह्यांनी दोन रविवार बसून पत्र लिहिलं आणि लेकीला दिलं, जर्मन तपासून दे म्हणून. आमची सगळी सरकारी पत्रं तीच तपासते, दहाव्या वर्षापासून. पत्र घेऊन तोंड वाकडं करत खोलीत गेली. मी कणीक मळत होते.

अर्ध्या तासाने ती स्वयंपाकघरात आली. कागद हातात. रडून नाक लाल झालेलं. आणि माझी लेक, जी मला "भूक लागली" हेसुद्धा जर्मनमध्ये सांगते, ती मराठीत बोलली. "आई, मला काहीच दिसलं नव्हतं. फक्त बाबांचा शर्ट दिसत होता."

मला कळेना. तिने कागद पुढे केला, मग माझे हात कणकेचे बघून स्वतःच वाचला. खंडेनवमीचं सगळं होतं, लेथ मशीनचं होतं. शेवटी लिहिलं होतं, की पिस्तूल मी खेळासाठी घेतलं असं अर्जात म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्यावर हल्ला झाला. त्यातल्या एकाच्या हातात फुटलेली बाटली होती. माझी मुलगी नऊ वर्षांची होती. मी तिचं डोकं माझ्या पोटात दाबलं आणि त्यांच्याकडे पाठ केली. माझे दोन्ही हात तिच्या कानांवर होते. मारायला एक हात सोडावा लागला असता. मी सोडला नाही.

कणकेत हात तसेच राहिले माझे. सात टाके कानाला होते. डाव्या कानाला, मागच्या बाजूने. ते मी रोज स्वच्छ केले होते, मलम लावलं होतं, आणि मला एकदाही सुचलं नाही की मागून का.

लेक बाहेर जाऊन ह्यांना म्हणाली, की शेवटचा परिच्छेद काढा, याने तुमचा परवाना नक्की जाईल. पुन्हा जर्मन. हे म्हणाले, "चुका तेवढ्या दुरुस्त कर. परिच्छेद राहू दे." तिने दोन शब्द दुरुस्त केले. परवाना गेला. कायद्याने जायलाच हवा होता, मी कुणाला दोष देत नाही. क्लबची किल्लीही त्यांनी स्वतःहून परत केली. शुक्रवारी संध्याकाळी आता ते घरीच असतात, भाजी चिरून देतात. खांदे परत पूर्वीसारखे झाले आहेत.

पिस्तूल क्लबातल्या आजोबांनी घ्यायचं कबूल केलं. शनिवारी सकाळी ते पोचवायला आम्ही दोघं निघालो. कोपऱ्यावर हे सवयीने पुढच्या स्टॉपकडे वळले. मी त्यांची बाही धरली. "आज इथूनच जाऊ या." ते वळले आणि माझ्याबरोबर आले.

फलाटावर आम्ही बाकावर बसलो. पेटी त्यांच्या मांडीवर होती. ट्रामला अजून चार मिनिटं होती. मी वर्षानुवर्षं पोटभर बोललेली बाई, आणि तेवढं एक वाक्य मी पेटीच्या कुलपाकडे बघत बोलले. "अहो, चुकलं माझं. हॉस्पिटलात मी बोलले ते."

"अगं, तू बरोबरच विचारलं होतंस," हे म्हणाले. "मीपण तेच विचारतोय अजून." मग समोरच्या कठड्याकडे बघत राहिले. तिथेच झालं असणार. पेटीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "एक हात सोडायला हवा होता का गं? की तेवढं पुरेसं होतं?"

सहा वर्षं! हा माणूस माझ्या पाठीशी उभा राहून मला 'पुरेल का' विचारत होता, आणि मी मोहरी करपली म्हणून ओरडत होते.

"पुरेसं होतं हो," मी म्हटलं. "पुरून उरलं."

त्यांनी मान हलवली. शेजारणीला सॉरी म्हणताना हलवतात तशीच. माझं मन राखायला. त्यांना ते पटलं नव्हतं, आता पटेल असं मला वाटत नाही. ते त्याच दिवशी सांगायचं होतं, टाके ओले असताना.

ट्राम आली. चढायला गर्दी होती. ह्यांनी पेटी काखेत धरली, मला पुढे केलं, आणि फलाटाकडे पाठ करून, दोन्ही हातांनी दाराच्या कडा धरून, मी आत जाईपर्यंत माझ्या मागे उभे राहिले.