एकदाच पुरे

रश्तच्या कोर्टामागच्या गल्लीत शोकूहीसाहेबांचं नोटरीचं दफ्तर आहे. तलअत-खानुम, म्हणजे तलअतबाई, तिथं सत्तावीस वर्षं कारकून होती. घरविक्री, मुखत्यारपत्रं, वारसांच्या वाटण्या, सगळं तिच्या सुबक अक्षरात मोठ्या वहीत उतरायचं. पण तिच्या टेबलासमोर रांग लागायची ती संमतिपत्रांसाठी. आमच्या इराणच्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला देशाबाहेर जायचं तर नवऱ्याची संमती लागते, आणि ती नोटरीपुढे सही आणि अंगठा करून द्यावी लागते. नवरा यायचा, ओळखपत्र ठेवायचा आणि तलअत मान वर न करता विचारायची, "एकदा, की कितीही वेळा?"

उत्तरं तिला पाठ झाली होती. बहुतेक जण म्हणायचे, "एकदा." काही जण बायकोकडे बघून खाकरायचे. एक टकलू होता. त्यानं विचारलं, "खानुम, नुसत्या जाण्याची द्यायची सोय नाही का? येण्याची नको." दफ्तरात सगळे खो खो हसले, त्याची बायकोसुद्धा. तलअतनं 'एकदा' लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा पुढे सरकवला.

सुरुवातीला तिला राग यायचा. शिकलीसवरलेली बाई मांडीवर पाकीट घट्ट धरून खुर्चीत बसलेली आणि नवरा छताकडे बघत विचार करतोय, हे तिला बघवायचं नाही. घरी येऊन ती भांडी आदळायची. मग कधीतरी ते थांबलं. वाईट वाटणं थांबलं, चांगलं वाटणंही थांबलं. शोकूहीसाहेब म्हणायचे, "तलअत-खानुम म्हणजे माझ्या दफ्तराची भिंत." त्यांच्या मते ही स्तुती होती.

तिचा स्वतःचा नवरा फरीदून लग्नाच्या बाराव्या वर्षी छातीत कळ येऊन गेला. विधवेला कुणाची संमती लागत नाही. म्हणजे पाहायला गेलं तर सगळ्या दफ्तरात जगात कुठंही जायला मोकळी अशी बाई ती एकटीच. गेली कुठं म्हणाल, तर तेहरानला, दोनदा, तेही कामासाठी.

तिची एकुलती एक मुलगी गुलनूश. भाताच्या खोडकिड्यावर संशोधन करायची. आमच्याकडे शेतात खोडकिडा आला की शेतकरी सरकारला शिव्या देतात. गुलनूश मात्र गुडघाभर चिखलात उभी राहून एकेक काडी चिरून बघायची. नवरा हूमन, स्वभावानं गरीब. त्याचं भातगिरणीच्या सुट्या भागांचं दुकान. लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल नव्हतं आणि त्यावरून दोघांत भांडणही नव्हतं. त्या वर्षी गुलनूशला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात चार वर्षांसाठी जागा मिळाली.

आता अमेरिकेशी आमच्या सरकारचं बोलणं बंद होऊन पंचवीसहून जास्त वर्षं झालेली. तिकडच्या वकिलातीची तेहरानात इमारत आहे, वकील नाहीत. व्हिसा हवा तर दुबईला जायचं, मुलाखत द्यायची, परत यायचं आणि वाट बघायची. महिने जातात. मग बोलावणं आलं तर पुन्हा दुबईला जायचं. तिथून पुढे जो गेला तो शिक्षण होईपर्यंत सहसा घरी येत नाही, कारण आला तर पुन्हा पहिल्यापासून सगळी वणवण. म्हणजे देशाबाहेर दोनदा पडावं लागतं. हे तलअतला माहीत नसेल तर कुणाला?

संमतिपत्रासाठी हूमन एका मंगळवारी सकाळी दफ्तरात आला. गुलनूशचा प्रयोगशाळेत तास होता आणि या कागदाला बायको हजर असावी लागत नाही. येताना तो फूमन गावच्या कुलुचे बिस्किटांचा डबा घेऊन आला. जावई सासूच्या टेबलापाशी बसलेला बघून शोकूहीसाहेबांनी चहा मागवला आणि ते आतल्या खोलीत फोनवर बोलत बसले.

"घरचंच काम आहे तर विचारायचं काय," तलअत म्हणाली. तरी तिनं विचारलं. "एकदा, की कितीही वेळा?"

"तुम्ही म्हणाल तसं, तलअत-खानुम," हूमन म्हणाला. "कितीही वेळा लिहा. माझी काय हरकत असणार?"

इथं काय झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. चहा असो, गाडीतली पुढची जागा असो, अंगावरचा कोट असो. समोरच्यानं पुन्हा म्हणायचं, आपण पुन्हा नको म्हणायचं, आणि तिसऱ्या आग्रहाला जणू आपला नाइलाज झाला अशा चेहऱ्यानं घ्यायचं. पहिल्या आग्रहाला हो म्हणणारी बाई रश्तमध्ये अजून जन्मायची आहे. त्यात हा जावई. त्याच्याकडून मुलीसाठी हावरटासारखं घ्यायचं, तेही त्याचाच डबा समोर उघडा असताना?

"छे छे, कितीही कशाला!" तलअत म्हणाली. "एवढं नको. एकदाच पुरे."

आणि पेन कागदावर अधांतरी धरून ती थांबली. आता हूमन म्हणणार होता, 'असं कसं, लिहा हो तुम्ही.' मग ती म्हणणार होती, 'नको नको, तुमचे उपकार.' मग तो म्हणणार होता, 'माझी शपथ.' मग ती लिहिणार होती.

"बरं," हूमन म्हणाला.

ती आणखी थोडी थांबली. हूमननं बिस्किटाचा कण शर्टावरून झटकला. आता मागून घेणं म्हणजे नको म्हटलेली गोष्ट ताटातून ओढून घेण्यासारखं. तलअतनं लिहिलं, 'एकदा'. त्यानं सही केली, अंगठा उमटवला, तिनं बोट पुसायला कागद दिला. तो गेल्यावर तिनं दुसऱ्या माणसाचं मुखत्यारपत्र लिहायला घेतलं. त्या दिवशी घरी भांडीही आदळली नाहीत.

पासपोर्ट तिनंच कचेरीतून आणून मुलीच्या हातात दिला. आईच्या हातचं काम कोण तपासतं? गुलनूश दुबईला जाऊन आली. मुलाखत घेणाऱ्यानं खोडकिड्याबद्दल वीस मिनिटं विचारलं म्हणून खुशीत होती. मग साडेचार महिने काहीच नाही. त्या काळात हूमनच्या वडिलांना अर्धांगवायू झाला. त्याची आई दर शुक्रवारी जेवायला येऊन सूनबाईकडे बघत सुस्कारे सोडायला लागली. हूमन दुकानातून उशिरा यायला लागला. आणि मग बोलावणं आलं. महिन्याच्या आत पासपोर्ट घेऊन दुबईला या, नाहीतर जागा गेली.

गुलनूश ओरडतच आईच्या घरी आली. तलअत पावट्याचे दाणे सोलत होती. तिनं हात धुतले.

"हूमनला पुन्हा सही करावी लागेल," ती म्हणाली.

"पुन्हा? म्हणजे त्यानं एकदापुरतीच दिली होती?"

"वहीत 'एकदा' आहे."

हे खोटं नव्हतं. वहीत तसंच होतं. गुलनूशचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "मला वाटलंच होतं! तोंडावर 'जा, शीक, माझी हरकत नाही' आणि तिकडे जाऊन हातचं राखून! सहा वर्षं मी या माणसाला साधा समजत होते, मामान. सहा वर्षं!"

तलअत पुन्हा दाणे सोलायला लागली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगावं अशी ओढच तिला वाटली नाही. दुसऱ्या दिवशी गुलनूश कपडे घेऊन आईकडे राहायला आली.

हूमन नाही म्हणत नव्हता. तलअतनं फोन केला की म्हणायचा, "चश्म, तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर. उद्या येतो." उद्या दुकानात माल यायचा. परवा वडिलांना दवाखान्यात न्यायचं असायचं. शनिवारी तो दफ्तराच्या दारापर्यंत आला आणि गाडी लावायला जागा नाही म्हणून परत गेला. असे तीन आठवडे गेले. गुलनूश त्याच्या नावानं बोटं मोडत होती आणि रोज तलअतला विचारत होती, आला का? तलअत सांगायची, नाही आला.

मुदतीचे पाच दिवस उरले तेव्हा तलअत दुपारच्या सुट्टीत दुकानात गेली. हूमननं खुर्ची पुसली, चहा मागवला. ती बसली नाही.

"चहा नको," ती म्हणाली, "आणि हे खरोखर नको आहे. हूमन-जान, मी आज रीतीभातीचं बोलायला आले नाही. माझ्या मुलीला जायचंय. या आणि सही करा. मी तुमच्याकडे मागते आहे."

सत्तावन्न वर्षांत तिनं कुणाकडे असं सरळ मागितलं नव्हतं. हूमन गल्ल्यावर हात ठेवून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"त्या दिवशी तुम्ही जे पुढे ठेवलं असतं त्यावर मी सही केली असती," तो म्हणाला. "वाचलंही नसतं. मी म्हटलं होतं तुम्हाला, कितीही वेळा लिहा."

"म्हटलं होतं."

"तुम्ही नको म्हणालात. खरं सांगू, तलअत-खानुम? मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, आईलाच मुलगी जायला नकोय, तर मी कशाला जीव मोठा करू? आता बाबा असे पडलेत. ती गेली तर चार वर्षं यायची नाही. आता माझ्यानं नाही होत. माझा हातच उठत नाही."

"मला ती जायला हवी होती," तलअत म्हणाली.

"मग तसं म्हणायचं होतं," हूमन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच रडत होता.

ती चालत दफ्तरात परतली. दुपारी तिनं चार संमतिपत्रं लिहिली, तीन 'एकदा' आणि एक 'कितीही वेळा'. अक्षर नेहमीसारखंच आलं.

मुदत संपली त्या दिवशी संध्याकाळी गुलनूश स्वयंपाकघरात बसून हूमनला शिव्या घालत होती. घटस्फोटाचे कागद आईनंच लिहावेत, असं तिचं चाललं होतं. "निदान तेवढं तरी काम घरच्या घरी होईल," ती म्हणाली आणि स्वतःच वेड्यासारखी हसली.

तेव्हा तलअतनं सांगितलं. काही न गाळता सांगितलं. डबा, चहा, 'कितीही वेळा लिहा', 'एकदाच पुरे', आणि ते 'बरं'. दुकानातलंही सांगितलं.

गुलनूश ऐकत राहिली. मग बोलली.

"दोनदा जावं लागतं, हे तुला माहीत होतं."

"होतं."

"महिनाभर मी त्याला काय काय बोलले. तू इथंच बसली होतीस."

"हो."

"मनातून तुला मी जायला नको होते का?"

तलअतनं मनात शोधून पाहिलं. हो म्हणावं असं काही सापडलं नाही, नाही म्हणावं असंही नाही. जिथं काहीतरी असायला हवं होतं तिथं काहीच नव्हतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला काहीच कळत नाही आता."

गुलनूश उठली, आतून कपडे गोळा केले. हूमनकडे जाते म्हणाली. त्याची माफी मागायची होती. तो एकटाच वडिलांचं सगळं करतोय, असंही म्हणाली. दारात बूट घालताना ती वाकली आणि वाकल्यावाकल्याच तिनं विचारलं, "मामान, कुणा दुसऱ्या बाईचा नवरा असता आणि म्हणाला असता, कितीही वेळा लिहा. त्यालाही तू नको म्हणाली असतीस?"

"नाही," तलअत म्हणाली. "परक्या बाईचं असतं तर लिहून मोकळी झाले असते."

गुलनूशनं मान हलवली आणि जिना उतरून गेली. तलअत दारात उभी राहिली. आता रडू येईल असं तिला वाटत होतं. बराच वेळ झाला तरी आलं नाही, तेव्हा तिनं दार लावून घेतलं.