टाचण्या काढून ठेवणाऱ्या बाई

छत्तीसगढमध्ये विद्यापीठात भाषा आणि माध्यमं शिकत असताना आम्हाला लोकांची बोली रेकॉर्ड करून आणायला सांगितलं होतं. मी तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे गेले. त्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगढी बोलत होत्या, फोनवर बहिणीशी वऱ्हाडी. ओठांत टाचण्या धरूनही त्यांचा शब्द स्पष्ट यायचा.

मी विचारलं, "दीदी, आपकी मातृभाषा क्या है?"

"मराठी. तुही?"

"मेरी भी."

त्यांनी मशीन थांबवली, टाचण्या काढून ठेवल्या. "मंग हिंदीत काहून बोलून राहिली?"

घरी आई मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे, कारण माझी मराठी चुकली की नागपूरचे मामा हसायचे. तेच मी त्यांना अडखळत मराठीत सांगू लागले आणि मध्येच गप्प झाले.

"चुकलं तं चुकलं," त्या म्हणाल्या. "मी का मार्क देऊन राहिली तुले? बोल."

अर्धवट ब्लाऊज मांडीवर ठेवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

सरांनी ते रेकॉर्डिंग परत केलं, कारण त्यात माझाच आवाज जास्त होता. मी दुसरं करून दिलं. पहिलं मात्र आईला ऐकवलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पुन्हा लाव."