पोचेपर्यंत केर काढू नये

वहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मुलुंडच्या घरातून ऑफिसला निघत होतो. मरोळला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात एकच विचार... नंदा कशी येणार? त्यांची एकुलती एक लेक टोरंटोला. मधे बारा हजार किलोमीटर, लंडनला विमान बदलून जवळजवळ अख्खा दिवस, आणि त्याआधी तिकीट मिळायला हवं. माझा थोरला भाऊ दारातच उभा होता. "तिका कळवलंय," दादा म्हणाला, "पण तोवर थांबूक जमाचा नाय." विमानाचे तास मला इतके निर्दय कधी वाटले नव्हते.

वहिनींचा एक नेम होता. घरातलं माणूस लांब निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही. मालवणच्या एसटीला एक रात्र लागे, म्हणून केर दुसऱ्या दिवशी निघे. लग्नानंतर नंदा पहिल्यांदा विमानाने निघाली तेव्हा मात्र पंचाईत झाली. सहारला उतरणारी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावरून घरघरत जायची, पण त्यातलं माणूस मुक्कामाला कधी पोचतं, हे घरात कुणाला ठाऊक? दादाने तिकिटावर पाहून ठेवलं होतं, त्याच दिवशी दुपारी चार. चाराचे ठोके पडल्यावर तो म्हणाला, "काढ आता केर." वहिनींनी घर लख्ख झाडलं. संध्याकाळी मी गेलो आणि चहा पिता पिता सहज बोलून गेलो, की ते चार तिकडचे, तेव्हा इथे मध्यरात्र उलटलेली असेल. नंदा अजून आभाळातच आहे.

वहिनींचा चहा तसाच राहिला. "म्हणजे ती वाटेत असताना मी केर काढला, भावजी?"

"इमान काय तुझ्या केरसुणीर चालता?" दादाने थट्टा केली. पण त्या रात्री तोही जेवला नाही. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे नंदाचा फोन आला, तेव्हा कुठे दोघं जेवली. पुढे दरवेळी ती परत निघाली की वहिनी घड्याळाकडे बघतही नसत. फोन येईपर्यंत घरात धूळ. आम्ही हसायचो, त्या हसू द्यायच्या.

त्या दिवशी वहिनींना उचललं. मागे घर झाडून धुऊन घ्यायची रीत, म्हणून शेजारच्या काकींनी केरसुणी हातात घेतली. खांदा दिलेला दादा जिन्यात थांबला, तसे सगळेच थांबले. मागे न वळता तो म्हणाला, "रव गो जरा. तिका पोचांदे."

काकींनी केरसुणी दाराआड टेकवली. आम्ही स्मशानातून परतलो तरी जमिनीवर झेंडूच्या पाकळ्या तशाच होत्या. नंदा आली दुसऱ्या दिवशी दुपारी. ती रडून शांत झाल्यावर दादाने स्वतः केरसुणी आणून तिच्या हातात दिली. "आता पोचली असतली," तो म्हणाला. "काढ."

नंदा परत गेली, तिचा फोन आला, केर निघाला. आता दादा एकटाच असतो. गेल्या रविवारी मी त्याच्याकडून निघालो. मरोळहून मुलुंड ते किती... चप्पल घालताना दाराआडच्या केरसुणीकडे लक्ष गेलं. दादा जिन्यापर्यंत आला.

"पोचलंस की फोन कर हां," तो म्हणाला. "माका केर काढूचो आसा."