मुर्रीतल्या घराची भिंत

नऊ वर्षं गोंदियात भाड्यानं राहिल्यावर आम्ही शहराला लागूनच असलेल्या मुर्रीत घर बांधायला काढलं. नवऱ्याची नोकरी तिरोड्याला, त्यामुळे बांधकामावर मीच लक्ष ठेवायचे. मी पुण्यात वाढलेली. आमच्या सोसायटीत सगळ्यांची दारं बंद असायची आणि शेजारी भेटायचे ते लिफ्टमध्ये. मला ते आवडायचं. म्हणून गवंड्याला सांगितलं, कंपाउंडची भिंत सहा फूट घ्या आणि घराला रंग फिकट राखाडी.

"मॅडम, इधर इतनी ऊँची कोई नहीं रखता," तो म्हणाला.

"आम्ही ठेवतो," मी म्हटलं.

सासूबाई आमगावजवळच्या गावाहून आमच्याकडे राहायला आल्या, तोवर भिंत डोक्याच्या वर गेली होती.

"एवढी उंच भित कायले बांधून राहिली वो? वाघ येते का घरात?"

"रस्त्यावरचे लोक आत बघतात, आई."

"मंग पाहू दे ना. लोकाईनं पाहावं म्हणूनच त रंग देते माणूस घराले."

त्यांना घर पोपटी हवं होतं, खिडक्यांना गुलाबी पट्टे. मी ऐकलं नाही. नवरा आमच्या दोघींच्या मध्ये पडला नाही.

राहायला गेल्यावर तिसऱ्याच संध्याकाळी सासूबाई प्लास्टिकची खुर्ची घेऊन फाटकाबाहेर जाऊन बसल्या. शेजारच्या दोघी तिथंच लाखोरीची पालेभाजी निवडत होत्या. सुनेनं बाहेर काढलं असं लोकांना वाटेल, म्हणून मी त्यांना आत बोलवायला गेले.

"आत कोणासंग बोलू? भितासंग?" त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या.

मला ते लागलं. त्या रात्री जेवताना मी एक शब्दही बोलले नाही. त्यांच्या मात्र ते लक्षातही आलं नसावं. त्यांनी भात दोनदा मागून घेतला.

पुढं रोज तेच चाललं. मग एकदा धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर वळताना अगदी जवळ आला. सासूबाई घाईनं उठल्या आणि पडल्या. गुडघा सोलवटला, एवढंच. पण हळद लावून झाल्यावर मी बाहेरची खुर्ची आत आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं. तो भिंत पाडायच्या तयारीनंच आला होता. मी म्हटलं, भिंत राहू दे, बाहेरच्या अंगाला तिला लागून रुंद ओटा बांधा, आणि रस्त्याच्या बाजूला दोन दगड रोवा. फरशीचा रंग सासूबाईंना विचारा. त्यांनी अर्थातच पोपटी सांगितला. राखाडी भिंतीखाली तो आजही मला खटकतो.

आता तिथं रोज पाच-सहा जणी बसतात. मी आत, अंगणात चहा घेते. गेल्या उन्हाळ्यात माझी आई पुण्याहून आली. दोन दिवस माझ्यासोबत आत बसली. तिसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ओट्यावर गेली, ती अंधार पडल्यावरच परतली.

"त्यांचं बोलणं कळतं तुला?" मी विचारलं.

"निम्मं," आई म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.