लेम्पी हौतालाच्या गाडीत

लेम्पी हौतालाच्या गाडीत बसून ज्यांनी घर शोधलं, अशी माणसं अमेरिकेतल्या दुलुथ शहरात आता फार उरलेली नाहीत. कॉनी पेट्रिच त्यांतली एक. हल्ली तिची भाची फोनवर अंगठा फिरवत एका दुपारीत चाळीस घरं बघून मोकळी होते. ते पाहून कॉनीला हेवा वाटत नाही आणि रागही येत नाही. तिला ती हिरवी गाडी आठवते, ओल्या लोकरीच्या हातमोज्यांचा वास आठवतो, पुढच्या काचेपाशी पडलेलं विकाऊ घरांचं जाडजूड पुस्तक आठवतं. ते दिवस फार चांगले होते असं कुणी समजू नये. चांगली होती ती लेम्पी.

एकोणीसशे चौऱ्याऐंशीचा हिवाळा. कॉनीचं वय एकोणतीस. ती बेकरीच्या काउंटरवर उभी राहायची, आणि तिचा नवरा डेल शहराचा बर्फ काढणारा ट्रक चालवायचा. दोघं एका लाकडी घराच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते आणि सुखात होते. मग नोव्हेंबरात कॉनीच्या आईला, आग्नेसला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी सांगितलं, पंधरा मार्चला सोडू. घरी न्या, नाहीतर काउंटीच्या सरकारी वृद्धाश्रमात ठेवा. कॉनी तो वृद्धाश्रम बघून आली आणि दोन दिवस जेवली नाही.

घरी न्यायचं, पण कुठल्या घरी? दुलुथ सगळं उतारावर. रस्त्यावरून अंगणात यायला बारा पायऱ्या, अंगणातून दारापर्यंत सात, आत शिरलं की झोपायच्या खोल्या वर. चाकाच्या खुर्चीतल्या बाईसाठी ते शहर बांधलेलंच नव्हतं. खाली निजायची खोली आणि खालीच न्हाणीघर असलेलं, दारात पायरी नसलेलं घर हवं होतं, आणि तेही ट्रक ड्रायव्हरच्या पगारात. जीव टांगणीला लागला होता.

पहिल्या एजंटने त्यांना गोड बोलून गुंडाळलं. माणूस मोठा लाघवी. घरं दाखवताना विचारायचा, "तुमची उडी कुठपर्यंत आहे, मला मोकळेपणाने सांगा, म्हणजे मला नीट काम करता येईल." त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. घर पसंत पडलं, त्यांनी कमी आकडा लावला, आणि मालकाकडून उत्तर आलं ते नेमकं त्यांच्या शेवटच्या आकड्याचं. एक डॉलर इकडे नाही, एक डॉलर तिकडे नाही. मग घर गरम ठेवणारा बॉयलर मेलेला निघाला, तरी मालक हटेना. दुरुस्तीला हातात काही उरत नव्हतं, तेव्हा ते घर सोडावं लागलं. डेल म्हणाला, "नशीबच फुटकं." कॉनीलाही तसंच वाटलं. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं.

मग बेकरीतल्या कुणीतरी लेम्पीचं नाव सुचवलं.

लेम्पी तेव्हा साठीला आली होती. वीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, नवरा गेल्यावर पन्नाशीत परीक्षा दिली आणि घरं विकायला लागली. उंच, रुंद खांद्यांची, फिनलंडच्या वंशाची बाई. बोलणं कमी, हसणं त्याहून कमी. घर दाखवायचं म्हणजे ती गिऱ्हाइकाला आधी तळघरात न्यायची. दिवाणखान्याचे पडदे बघून खूश होणाऱ्या माणसाची तिला कीव यायची. "पडदे मालक घेऊन जातो," ती म्हणायची, "ओल तुमच्यासाठी ठेवून जातो."

पहिल्याच दिवशी तिने एक कागद पुढे केला. "वाचा."

डेलने पेन मागितलं.

"वाचा म्हटलं मी."

"बाई, अशा कागदांवर सगळीकडे एकच असतं," डेल म्हणाला आणि सही ठोकून मोकळा झाला. कॉनीनेही केली. लेम्पीने दोघांकडे असं पाहिलं, जणू शाळेतल्या पोरांनी हात न धुता ताट उचललं असावं.

"बरं. मग एवढं तरी ऐका. माझ्या गाडीत आकडे बोलायचे नाहीत."

कॉनीला वाटलं, असेल काहीतरी जुन्या बायकांची समजूत. कुणी गाडीत शिट्टी वाजवू देत नाही, कुणी आकडे बोलू देत नाही. पण लेम्पीचं हे प्रकरण भलतंच होतं. मागच्या सीटवर दोघं जरा कुजबुजायला लागली, "या घराला किती द्यावेत गं?" की पुढे रेडिओ कडाडलाच. पोल्काची नाचगाणी असोत, हॉकीची कॉमेंट्री असो, माशांचे भाव असोत, तिला काहीही चालायचं. एकदा कॉनी सिग्नलपाशी म्हणाली, "मिसेस हौताला, आम्हाला खरं म्हणजे जास्तीत जास्त," तर ही बाई गाडी कडेला लावून उतरली आणि उणे वीसात फुटपाथवर पाठ करून उभी राहिली.

"वेडी आहे," डेल म्हणाला.

"तिला आपलं ऐकायचंच नाहीये," कॉनी म्हणाली. तिला ते फार लागलं होतं. आपली आई तिकडे पडलीय, दिवस भराभर चाललेत, आणि जिच्यावर भिस्त ती कानावर हात ठेवून बसलीय. तिने डेलला सांगून टाकलं, अजून एक घर बघू. नाही जमलं तर दुसरा एजंट.

ते एक घर ऑटो एंगस्ट्रमचं निघालं. म्हातारा आपल्या मुलीकडे ॲरिझोनाला चालला होता. घर मागच्या गल्लीच्या पातळीवर होतं. गाडी दारात, दाराला उंबरासुद्धा नाही. खाली निजायची खोली, तिला लागून न्हाणीघर, आणि खिडकीतून थेट सरोवर, क्षितिजापर्यंत गोठलेलं. कॉनी त्या खिडकीपाशी उभी राहिली आणि तिला पलंग कुठे येईल ते दिसलं. न्हाणीघराचं दार तेवढं अरुंद होतं. ते रुंद करायचं, भिंतीला दांडे बसवायचे, यासाठी अडीच हजार तरी हाताशी राहायला हवे होते. मागणी चौतीस हजारांची होती. चौतीस दिले की दांडे नाहीत, आणि दांडे नाहीत तर आई नाही.

लेम्पी बॉयलरबद्दल विचारायला पुन्हा आत गेली. गारठू नयेत म्हणून दोघांना तिने चालू गाडीत बसवलं, रेडिओ मोठा करून ठेवला. डेलचं त्या पोल्काने डोकं उठलं होतं. त्याने हात लांब करून रेडिओ बंद केला. डेल मनाने सोनं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, आणि आवाज दिवसभर ट्रकच्या इंजिनावर ओरडून कमावलेला. लेम्पीने गाडीचं दार उघडलं त्याच क्षणी तो म्हणाला, "बत्तीस, कॉनी! बत्तीसपर्यंत जायचं. दांड्यांचं बघू मागाहून, माझ्या भावाकडून घेऊ. पण घर हेच!"

लेम्पी बसली. दार लावलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि गाडी काही सुरू केली नाही.

"ऐकलं मी," ती म्हणाली.

"मग बरंच झालं की," डेल म्हणाला.

"काय बरं झालं? तो कागद वाचला असतास तर कळलं असतं. मी तुमची नाही. मी मालकाची माणूस. मीच नव्हे, या शहरातला प्रत्येक एजंट. तुम्हाला गाडीतून फिरवतो, कॉफी पाजतो, पण पैसे मालक देतो आणि काम मालकाचं करतो. तुमच्या तोंडून जे कानावर पडेल ते त्याला जाऊन सांगायचं, असा नियम आहे."

कॉनीला तो पहिला लाघवी एजंट आठवला, आणि मालकाकडून आलेला तो नेमका आकडाही.

"म्हणजे तुम्ही आमचं ऐकत नव्हता ते..." ती म्हणाली.

"कान बंद करता येत नाहीत, पोरी. रेडिओ मोठा करता येतो."

"मग आता ऑटोला नका सांगू," डेल म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "तुम्ही ऐकलंच नाही असं समजा."

"ऑटो एंगस्ट्रमने मला आत्ता तळघरात नेऊन कुठला पाइप गळतो ते स्वतः दाखवलं. त्या माणसाला मी फसवू? आणि त्याला सांगितलं तर तुम्ही बुडाला." कॉनी रडत होती. तिला आवाज न करता रडता येत नाही, आजही येत नाही.

शेवटी लेम्पीने गाडी सुरू केली आणि थेट खाली मुख्य रस्त्यावर आणली, मर्व्ह लिंडाल नावाच्या आणखी एका एजंटच्या ऑफिससमोर. लेम्पी आणि मर्व्ह यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्या शहराला ठाऊक होतं. मर्व्ह तिला पाठीमागे "वरणवाढी" म्हणायचा, कारण ती शाळेत सूप वाढायची.

"उतरा. त्याला सांगा, लेम्पीने आम्हाला सोडलं. एंगस्ट्रमचं घर हवंय म्हणून सांगा. त्याच्या गाडीत हवामानाबद्दल बोला. त्याने प्रेमाने काही विचारलं तर आणखी हवामानाबद्दल बोला. ज्या सौद्यात मी नाही, त्यातलं ऐकलेलं सांगायला मी बांधलेली नाही. कायदा काय म्हणतो ते वकिलांना माहीत. मला एवढं पुरतं."

"पण तुमचं कमिशन?" कॉनीने विचारलं.

"दार नीट लाव, गार वारा येतो," लेम्पी म्हणाली.

मर्व्हने त्यांना तीन वेळा कॉफी पाजली, पाठीवर थाप मारली, "आपल्यात काय लपवायचं" असंही म्हणाला. डेलने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला कुलूप घातलं. हवामानाबद्दल तो इतकं बोलला की शेवटी मर्व्हच कंटाळला. साडेएकोणतीस हजारांत घर ठरलं. दार रुंद झालं, दांडे बसले, आणि पंधरा मार्चला आग्नेस एकही पायरी न चढता आपल्या घरी आली.

त्याच आठवड्यात दुपारी दार वाजलं. लेम्पी, हातात वेलदोड्याचा गोड पाव, बुटांवर बर्फ. बसने आली होती.

"गाडी कुठेय?" डेलने विचारलं.

"विकली. या वयात उतारावर कोण घसरत बसणार? ते कामही सोडलं. पुन्हा शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेय." तिने कोट काढला, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. "आता मी कुणाचीच माणूस नाही. बोला काय बोलायचं ते."

आणि खरंच, मग ती बाई ऐकायलाच येऊ लागली. दर गुरुवारी, शाळा सुटली की. आग्नेसच्या तोंडून तेव्हा तुटके शब्द बाहेर पडायला लागले होते, एकेक शब्द दोन-दोन मिनिटांनी. कॉनी घाईने तिचं वाक्य पुरं करायची. पाणी हवंय का, उशी हवीय का, खिडकी लावू का. डेल तर तिच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडायचा. लेम्पी तसलं काही करायची नाही. पलंगाशेजारी बसायची, हात मांडीवर, आणि पुढचा शब्द येईपर्यंत सरोवराकडे बघत थांबायची. कधी कधी एका शब्दासाठी कॉफी निवून जायची. मग हळूहळू तीही बोलू लागली. दार अर्धवट लोटलेलं असायचं, आतून तिचा जाडाभरडा आवाज यायचा. कुणापाशी चार वाक्यं न बोलणारी बाई आईपाशी तासभर बोलते याचं कॉनीला नवल वाटायचं. एकदा तिने विचारलंच, "काय बोलता एवढं दोघी?"

"तुझ्या आईला सांगितलेलं बाहेर जात नाही," लेम्पी म्हणाली. "असं माणूस मला जन्मात भेटलं नव्हतं."

दोन वर्षं गेली. एका रविवारी सकाळी कॉनी आईचे केस विंचरत होती. आग्नेसने डाव्या हाताने तिचं मनगट धरलं. ओठ हलू लागले. कॉनी विचारणार होती, पाणी हवंय का. पण लेम्पीला बघून बघून तिलाही आता थोडं थांबता येऊ लागलं होतं. ती फणी हातात घेऊन थांबली. बाहेर चर्चची घंटा वाजून गेली, शेजारी गाडी सुरू करून निघून गेले.

"आपल्यामुळे," आग्नेस म्हणाली, "लेम्पीची... गाडी... गेली."

दोन वर्षांपूर्वीचं सगळं कॉनीच्या डोळ्यांसमोर जागेवर बसलं. घरांचा बाजार झोपलेला तो हिवाळा. ऑक्टोबरपासून लेम्पीच्या हातून एकही घर विकलं गेलं नव्हतं, असं तेव्हा बेकरीत बोलायचे. ती वाट बघत होती ती त्यांच्याच सौद्याची, आणि तोच तिने मर्व्ह लिंडालच्या दारात नेऊन सोडला. गाडी नसलेली एजंट घरं दाखवणार कशात? घसरायचं भय वगैरे सगळी थाप. आणि आपण मात्र ती थाप मजेत गिळली, तिने आणलेल्या पावाबरोबर.

गुरुवारी डेल शाळेच्या मागच्या दाराशी ट्रक लावून उभा राहिला. लेम्पी कुरकुरत चढली. घरी येईपर्यंत तिने ओळखलं होतं, गाडीचं यांना कळलंय. कोटही न काढता ती स्वयंपाकघरात कॉनीसमोर उभी राहिली.

"कुणी सांगितलं तुम्हाला? मर्व्हने?"

"नाही."

"मग? मी हे एकाच माणसाला सांगितलं होतं."

कॉनीने मान डोलावली. लेम्पीचा चेहरा कठोर झाला. चाळीस वर्षांत एकदा मन मोकळं केलं, आणि तेही फुटलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आपल्यामुळे लेम्पीची गाडी गेली."

लेम्पीचे ओठ हलले. ती बोटांवर शब्द मोजत होती.

"सगळं? एका दमात?"

"मध्ये थांबली थोडी. पण पूर्ण वाक्य. झटक्यानंतरचं पहिलं."

लेम्पीने चष्मा काढला. कोटाच्या बाहीने काचा पुसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा काचा. आतून आग्नेसने पलंगाच्या दांड्यावर बोटं वाजवली. गुरुवार होता, आणि तिला वाट बघायला लावलेलं खपत नसे.

"मग सांगू दे तिला," लेम्पी म्हणाली. "साऱ्या गावाला सांगू दे." आणि ती आत गेली.