तानाबाईच्या खाटेखालचं टोपलं

नालवाडीच्या पलीकडे तेव्हा ख्रिस्ती वस्तीची दहा-बारा घरं होती, आणि त्या घरांतलं जवळजवळ प्रत्येक मूल तानाबाईच्या हातात पहिल्यांदा रडलं होतं. तानाबाई सुईण. अंगानं ठेंगणी, आवाजानं उंच, आणि बोलायला सरळ. मूल देखणं नसलं तर ती आईच्या तोंडावर तसं सांगे. "नाक बापाचं आलं बाई, आता इलाज नाई. पण गळा खणखणीत हाये."

आयांना तेवढ्यापुरतं वाईट वाटे. पण म्हणूनच तानाबाई "काई घोर करू नका" म्हणाली की घर निर्धास्त होई, आणि "हे माह्या हातचं काम नाई, गाडी जुंपा" म्हणाली की पुरुष भरल्या ताटावरून उठत. तिच्याजवळ शेत नव्हतं, सोनं नव्हतं. शब्द होता, आणि त्या शब्दावर तिचं घर चालत होतं.

दर बुधवारी संध्याकाळी कुणातरी एकाच्या घरी प्रार्थना भरे, आणि शेवटची प्रार्थना तानाबाईची, हे ठरलेलं होतं. ती तिला बाप रामाजीनं शिकवली होती. "बापा, माह्या जिभेवर खोटं येऊ देऊ नको. पोटाले पुरंल तितकंच दे. इतकं देऊ नको का मी तुले विसरीन, अन् इतकं कमीबी नको का शेजारणीच्या ओट्यावर हात जाईन."

शेजारीण कमलाबाई, म्हणजे शाळामास्तर वासुदेवरावांची बायको, तिला चिडवी. "काऊन वं, प्रभूचे हात बांधून राह्यली? देत असंल तं देऊ दे ना त्याले!"

"तुह्यासाठी तू माग. मी तुले अडवलं का?"

चोपन्न सालच्या हंगामाच्या रविवारी मात्र ही प्रार्थना तानाबाईच्या अंगाशी आली. त्या रविवारी प्रत्येकानं आपल्या घरचं पहिलं पीक देवळात आणायचं आणि उपासनेनंतर पाळक रूपरावजींनी अंगणात बोली लावून त्याचा हर्रास करायचा, अशी रीत होती. ज्वारीची कणसं, वाल, भोपळे वेदीपाशी रचले होते. तानाबाईनं कोंबडी नेली. नवरा प्रेमदास, मिशनच्या बागेतला माळी, म्हणाला होता, "म्हातारा कोंबडा दे ना. देवाचं काय, सारखंच."

"कोंबडा म्हातारा हाये हे त्याले समजत नाई का?" असं म्हणून तिनं छातीवर दगड ठेवून आपली सगळ्यात चांगली कोंबडी उचलली. अंगावर तिळासारखे ठिपके, म्हणून नाव तिळी. हर्रासात ती कमलाबाईनं घेतली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिळी कुडाच्या भोकातून परत आली. तानाबाईकडे न बघताच खाटेखाली गेली, आपल्या जुन्या टोपल्यात बसली, अंडं दिलं, आणि आल्या पावली कमलाबाईच्या अंगणात ज्वारी टिपायला निघून गेली. चौथ्या दिवशीही तेच.

तानाबाईनं पुष्कळ विचार केला. मी हिला बोलावलं नाही. धरून ठेवलं नाही. कोंबडी देवाला दिली ती दिलीच, तिच्यावर माझा हक्क नाही. पण पुरेल तितकं दे, असं मी रोज मागते, आणि रोज एकच अंडं येतं. एक म्हणजे ना जास्त ना कमी. यात देवाचा हात नसेल असं छातीठोकपणे कोण सांगेल? आणि ती प्रेमदासासाठी अंडं उकडे. प्रेमदास मुकाट्यानं खाई.

खोटं ती बोलली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. मग एकदा विहिरीवर कमलाबाईनं विचारलं. "तानाबाई, तिळी माह्याकडे अंडा काऊन देत नसंल वं?"

"जागा बदलली का कोंबडी रुसते बाई," तानाबाई म्हणाली आणि दोर भराभर ओढू लागली.

त्याच दुपारी ती गावात रुख्माबाईच्या सुनेच्या बाळंतपणाला गेली. मूल आडवं होतं की काय अशी शंका होती. तिनं पोट चाचपून सांगितलं, "घोर नका करू, सीधं हाये." रुख्माबाई दारातच डोळे पुसत म्हणाली, "तानाबाई म्हणते म्हणजे खरंच हाये." मूल सरळच होतं. तरी ते वाक्य तानाबाईला घरापर्यंत टोचत आलं. विहिरीवरची जीभ आणि ही जीभ, दोन्ही एकाच तोंडातल्या. एक दिवस कुणाला कळलं, तर पुढच्या बाळंतिणीच्या घरी आपला शब्द कोण धरणार?

त्या बुधवारी प्रार्थनेची पाळी कमलाबाईची होती. पण तिनं निरोप धाडला, "माह्याकडे सारवण चालू हाये, तानाबाईकडेच बसू." सगळे चटयांवर बसले, खाटेला पाठ टेकून. प्रार्थना सुरू झाली की डोळे मिटायचे आणि आमेन होईपर्यंत कुणी कुणाला टोकायचं नाही, हा वस्तीचा कडक नियम.

कमलाबाईनं आरंभ केला. "बापा, माही तिळी ज्वारी खाते, पानी पिते, अन् अंडा देत नाई. माह्या घरात काय पाप हाये ते दाखव."

सगळे म्हणाले, आमेन. तानाबाईचं तोंड उघडलं नाही.

शेवटी तिची पाळी आली. "बापा, माह्या जिभेवर खोटं..." आणि पुढे काही येईना. इतकी शांतता पसरली की प्रेमदासानं एक डोळा उघडला.

"बापा," तानाबाई एकदम म्हणाली, "पाप कमलाबाईच्या घरात नाई. माह्या खाटेखाली हाये, टोपल्यात. तिळी रोज इथंच अंडा देते. मी तिले बोलावलं नाई, हे तुले माहीत हाये. हाकललंबी नाई, हेबी माहीत हाये. अन् विहिरीवर मी जे बोलली ते खोटंच होतं. हे मी तुले सांगून राह्यली, कमलाबाईले नाई. तिचे डोळे मिटले हायेत, तिले मधात बोलू देऊ नको."

कमलाबाईनं नियम मोडला नाही. डोळे घट्ट मिटूनच ती म्हणाली, "बापा, तिले सांग, का मी पह्यल्याच दिवशी तिळीले कुडातून जाताना पाह्यलं. म्हणून तं आज सगळ्याइले इथं आणलं. सारवण-बिरवण काई नव्हतं."

"मंग बापा, तिले विचार, का आपल्या घरात काय पाप हाये हे ती तुले काऊन विचारून राह्यली होती?"

कमलाबाई म्हणाली, "दाखवलं बापा तू. तेबी दाखवलं."

तेवढ्यात कोपऱ्यातून प्रेमदासाचा आवाज आला. "प्रभू, अंडे मी खाल्ले. मले वाटलं, बाजारातून आणते. म्हणजे, वाटलं नाई. पण विचारलं असतं तं बंद झाले असते."

आता सगळी वस्तीच कबुली द्यायला लागेल या भीतीनं पाळक रूपरावजींनी घाईघाईनं मोठ्यांदा आमेन म्हटलं. त्यावर सगळ्यात मोठं आमेन तानाबाईचं झालं.

डोळे उघडल्यावर तिनं खाटेखालून टोपलं ओढलं आणि त्यातल्या अंड्यासकट कमलाबाईपुढे ठेवलं. "खाल्लेले कुठून आणू, सांग."

"खाल्लेले राहू दे वं. टोपलं मात्र नेते," कमलाबाई म्हणाली आणि ते डोक्यावर घेऊनच निघाली. दुसऱ्या दिवसापासून तिळी तिच्या खाटेखाली बसू लागली.

वस्तीत पुष्कळ दिवस हसू झालं. तानाबाई मान खाली घालून वावरली. पण उन्हाळ्यात कमलाबाईची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली, तेव्हा मास्तरांनी दुसरी सुईण सुचवताच कमलाबाई उसळली. "काई गरज नाई. जिच्या पोटात एक अंडा लपून राहत नाई, ते माह्या लेकीचं काय लपवन?"

नातू झाला. तानाबाईनं त्याला उजेडात धरून पाहिलं. "कान मास्तरांचे आले. इलाज नाई."

पुढच्या हंगामाच्या रविवारी कमलाबाईनं वेदीपाशी तिळीच नेऊन ठेवली, आणि हर्रासात ती तानाबाईनं सोडवली. टोपलं मात्र कमलाबाईच्या खाटेखालीच राहिलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिळी कुडाच्या भोकातून पलीकडे गेली आणि तासाभरानं रिकामी होऊन परतली.

एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पलीकडून अंडंही आलं नाही, शब्दही आला नाही. तानाबाईनंही चकार शब्द काढला नाही. फक्त रविवारी उपासना सुटल्यावर ती पाळकसाहेबांजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "साहेब, या बुधवारी माह्या घरी सारवण हाये. प्रार्थना कमलाबाईकडे ठेवजा."